पाच बायकांची वही

१

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा दत्ताराम चिंदरकर साखर शोधत होते. अनसूया जाऊन पाच महिने झाले होते, पण कुठल्या डब्यात काय आहे हे अजून त्यांच्या ध्यानात बसलं नव्हतं. चार डबे उघडून झाले होते. एकात सुंठ, एकात शाबूदाणा, एकात नुसते रबरबँड. साखरेचा पत्ता नव्हता.

दारात वरच्या मजल्यावरची रुचिता उभी होती. नववीतली मुलगी, पण डोळे रडून सुजलेले.

"काका, माझी वही चोरीला गेली."

"वही? मग आईला सांग, नवी आणून देईल."

"तशी वही नाही काका. बसू का?"

दत्ताराम एकतीस वर्षं दिवाणी कोर्टात बेलिफ होते. कोर्टाचे समन्स आणि नोटिसा घरोघर पोचवायच्या, हे काम. दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघून त्यांना पुष्कळ काही कळायचं. ही पोर मार्कांसाठी रडलेली नाही, हेही कळलं. त्यांनी तिला आत घेतलं.

रुचिता आणि तिचा वर्गातला मित्र ट्रॉय, दोघांनी मिळून शाळेसाठी एक प्रकल्प केला होता. विषय देशातले कायदे. दोघांनी मुलीचा वारसाहक्क निवडला. हिंदू मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा आहे. ट्रॉय ख्रिश्चन, त्यांचा वारसा कायदा वेगळा, पण मृत्युपत्र नसेल तर तिथेही मुलगी आणि मुलगा सारखेच. कायदा लिहून काढायला दोन दिवस लागले. मग रुचिताला वाटलं, पुस्तकातलं झालं, आता लोक काय करतात ते बघू. तिने ओळखीतल्या पाच बायकांना विचारलं, तुम्ही तुमचा हिस्सा घेतला का?

"पाचांतल्या चौघींनी हक्कसोड पत्रावर सही केली होती," रुचिता म्हणाली. "भावांसाठी. माहेर तुटू नये म्हणून. सगळं त्यांच्याच शब्दांत वहीत लिहिलंय. कुणाला किती वाईट वाटलं, कोण कुणाशी भांडलं, सगळं. नावं नाहीत, नुसते नंबर. पण आपल्या पूनम सागर सोसायटीतलं कुणीही वाचलं तर लगेच ओळखेल. मी शब्द दिला होता काका. ट्रॉयलासुद्धा फक्त आकडे दिले. आईने मागितली होती बघायला, तिलाही नाही म्हणाले."

"आणि शाळेत काय देणार?"

"ती फाइल इंग्रजीत छापून तयार आहे. ती आहे जागेवर. फक्त मराठी वही गेली."

दत्ताराम थोडे पुढे सरकले. मार्क देणारी फाइल तशीच आणि बायकांची वही तेवढी गायब. म्हणजे हे शाळेतल्या कुणा पोरट्याचं काम नव्हतं.

"कोण कोण बायका होत्या?"

"नाही सांगणार."

"अगं, मग मी शोधू कसा?"

रुचिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "एकीचं सांगते. त्या आता नाहीत, म्हणून. तिसरा नंबर अनसूयाकाकूंचा आहे."

२

जुलैमध्ये, आजारपण कळायच्या आधी, अनसूया या पोरीसमोर बसून बोलली होती. दत्तारामांना याचा पत्ताच नव्हता.

आणि काय बोलली असेल, याचा अंदाज करायलाही त्यांना भीती वाटली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कणकवलीला रजिस्ट्रारच्या कचेरीत तिला तेच घेऊन गेले होते. "भावांशी कशाला वाद? करून टाक सही," असं तेच म्हणाले होते. कुठे कुठे सही करायची ते बोट ठेवून त्यांनीच दाखवलं होतं. तिने केली. नंतर त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

आता ती वही कुणाच्या तरी हातात होती.

"चल," ते उठले. "जागा दाखव."

सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर. एक टेबल, चार खुर्च्या, एक कपाट. शनिवारी दुपारी मुलांना अभ्यासाला ते उघडून देत. काल चार वाजता रुचिता तिथे आली. फाइल आणि वही टेबलावर ठेवून ती शांती नगरला मुखपृष्ठाची रंगीत प्रिंट आणायला गेली. अर्ध्या तासाने परतली, तर वही नाही.

सेक्रेटरी नीरज गवाणकर ऑफिसातच होते. काशीमीराला त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, त्यामुळे दोन फोन एकाच वेळी चालू.

"काका, तुम्हीपण कुठे या पोरांच्या नादाला लागताय? सीसीटीव्ही बंद आहे, तो कॉन्ट्रॅक्टवाला फोन उचलत नाही. काल साडेचारला मीटिंग होती म्हणून मी टेबल आवरलं. फाइल आणि एक वही होती, दोन्ही उचलून कपाटावर ठेवली. ही आल्यावर तिच्या हातात दिली."

"वही दिलीत?"

"हो. गणिताची. ही म्हणते दुसरी कुठली तरी होती. मला दुसरी दिसली नाही."

"गणिताचीच होती ती," रुचिता पुटपुटली. "दोन्हींना तपकिरी कव्हर आहे. पण मला हवी ती नव्हती."

"नीरज, रागावू नका," दत्ताराम म्हणाले. "तुमच्या बहिणीने, मिनलने, मागच्या वर्षी तुमच्या नावे हक्क सोडला ना?"

नीरजने एक फोन बंद केला. मग दुसराही.

"सोडला. मी नाही सांगितलं तिला. आईने सांगितलं. मी तिला म्हणालो, मिनू, नको करूस, लोक मला नावं ठेवतील. तर म्हणाली, दादा, भाऊबीजेला माझ्यासाठी दार उघडं ठेव म्हणजे झालं." त्यांनी टेबलावरची धूळ उगाच हाताने पुसली. "ती हिच्याशी बोललीय, हे तिनेच सांगितलं मला. त्या वहीत ती काय बोलली हे मला कळलं तर आवडेल. खोटं कशाला बोलू? पण मी नाही नेली."

"मग कोण?"

"चावी दोघांकडे. मी आणि शालू. मी नाही म्हणजे शालू. साफ बात आहे. उद्यापासून तिचं काम बंद करतो."

शालू बाहेर जिना पुसत होती. तिने ते ऐकलं. बादली तिथेच ठेवून ती दारात आली.

"सायेब, मला काय करायची वही? वाचाया येत असतं तर मी इथं फरशी पुसली असती व्हय?"

"रद्दीत घातली असशील."

"एका वहीची रद्दी किती भरते ते तरी सांगा मला!"

"शालूचं नाव घेऊ नका!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. रुचिताची आई नेहा जिन्यावरून खाली येत होती. नेहा म्हणजे आवाज न करता वावरणारी बाई. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाठीमागे बसणार आणि सगळे म्हणतील तिथे हात वर करणार. आज तिचा चेहरा लाल झाला होता.

"तिने नेलेली नाही. उगाच एखाद्याच्या पोटावर पाय देऊ नका."

"वहिनी, तुम्हाला काय माहीत?"

नेहा गोंधळली. "माहीत म्हणजे... ओळखते मी तिला. दहा वर्षं बघतेय."

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," दत्ताराम नीरजला म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

"संध्याकाळपर्यंत. तुमच्या शब्दाखातर. पुढे मी ऐकणार नाही."

३

नेहाने दत्तारामांना पोह्यांना वर बोलावलं. त्यांनी नको म्हटलं नाही. घरचे पोहे खाऊन बरेच दिवस झाले होते.

"पपा कुठे गेले?" रुचिताने विचारलं.

"ऑफिसात. आज त्यांची ड्युटी आहे. काका, लिंबू?"

पोहे चांगले होते, पण मीठ घालायचं राहिलं होतं. दत्ताराम काही बोलले नाहीत. रुचिताने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. "आई, मीठ!"

"अगं बाई, विसरलेच." नेहा मीठ घेऊन आली. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला. तो पुन्हा वाजला. तिने पुन्हा उचलला नाही.

"मामा असेल," रुचिता म्हणाली. "कालपासून चार वेळा केलाय."

"करेन नंतर."

दत्तारामांनी अशी माणसं खूप पाहिली होती. आत टीव्ही चालू, दाराबाहेर चपला, पण बेल वाजली की घर चिडीचूप. त्यांना नेहमी वाटायचं, दार न उघडणारा माणूस उद्धट नसतो, घाबरलेला असतो.

"काका," नेहाने पाठमोरं राहूनच विचारलं, "तुमच्या कोर्टाचा कागद एखाद्याने घेतलाच नाही तर? पोलीस धरून नेतात का?"

"नाही हो. दोन पंच बोलावून कागद दाराला चिकटवायचा आणि परत यायचं. कागद नाकारणं हा काही गुन्हा नाही."

"असं होय," नेहा म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

खाली उतरताना रुचिताने दत्तारामांची बाही ओढली. "काका, मला एकाचा संशय येतोय. सांगायला बरं नाही वाटत."

"कुणाचा?"

"ट्रॉयचा. त्याची आंटी, उत्तनची, पाचांतली एक आहे. म्हणजे ट्रॉयनेच भेट घालून दिली, त्यामुळे त्याला माहीत आहेच. बोलून झाल्यावर आंटीला पस्तावा झाला. माझं वहीत नको म्हणाली. आणि काल चारला ट्रॉय ऑफिसात येणार होता, आलाच नाही. कालपासून फोनपण उचलत नाहीये."

४

भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या बसमध्ये दत्ताराम खिडकीशी बसले. ज्या कागदामागे ते निघाले होते तो कोर्टाचा नव्हता. तो त्यांच्या बायकोचा होता. हातात पडला तर आपण तो वाचणार, हे त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं होतं. माणूस गेल्यावर आवाज आधी विसरायला होतो. दोन पानांत तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं असलं, तर त्यात आपल्याला शिव्या का असेनात.

इनेझआंटींचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत. पुढच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. ट्रॉय पायरीवर बसून फोनच्या स्क्रीनवर नखाने काहीतरी उकरत होता. रुचिताला बघताच उठला.

"अगं, पाण्यात पडला फोन! परवापासून बंद आहे. काल इथेच अडकलो, गॅब्रियल अंकलची बोट लागली उशिरा, माल उतरवायला थांबवलं."

"वही गेली, ट्रॉय."

"कुठली? ती? ओ गॉड."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून दत्तारामांनी त्याचं नाव मनातल्या यादीतून पुसलं. एवढं खरं दचकायला चांगला नट लागतो. आणि हा पोरगा नट नव्हता.

इनेझआंटी हात पुसत बाहेर आल्या. साठीच्या, अंगाने दणकट, आवाज समुद्रावर पोचेल असा.

"कोन हाय?"

दत्तारामांनी सगळं सांगितलं. आंटींनी ऐकून घेतलं आणि हसल्या.

"माझ्यावर आळ घेऊन आला व्हय तुमी? बरा हाय माणूस. अवो, माझं पान माझ्याकडंच हाय. गुरुवारी ही पोर येऊन सोताच्या हातानं फाडून देऊन गेली. विचारा तिला."

दत्तारामांनी रुचिताकडे पाहिलं. ती ओशाळली.

"त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. ट्रॉयलाही. म्हणून मला वाटलं, ते पान काढायलाच त्याने वही नेली."

"म्हणजे वहीत आता चारच बायका."

"हो."

"आणि ऐका," आंटी म्हणाल्या. त्यांनी एक बोंबील उलटा केला, दुसरा केला. "माझा भाव ह्याच गल्लीत ऱ्हातो. मला माझं बोलनं लपवायचं व्हतं, तर मला एक पान पुरलं. पुऱ्या वहीचं मी काय करू? आख्खी वही नेनाऱ्याला सोताचं लपवायचं न्हाय. त्याला दुसऱ्याचं वाचायचं हाय."

एकतीस वर्षं कोर्टात काढून जे त्यांना सुचलं नव्हतं ते या बाईने बोंबील उलटवता उलटवता सांगितलं होतं.

दुसऱ्याचं वाचायचं आहे. मराठीत. मग शालू यादीतून गेली. नीरजला वाचायची इच्छा होती, त्याने तोंडाने कबूलही केलं. पण चोरी करणारा माणूस असं कबूल करेल? आणि वही त्याने घेतली असती, तर बाकीचं टेबल आवरून पोरीच्या हातात तिची गणिताची वही कशाला...

"रुचिता," त्यांनी एकदम विचारलं, "काल ऑफिसात बॅगेतून किती वह्या काढल्यास?"

"एकच. फाइलखाली ठेवली. ट्रॉयला फोन लावत होते, कानाला फोन होता."

"कव्हर बघितलंस?"

"तपकिरी होतं."

"बॅगेत आणखी काय उरलं?"

"पाण्याची बाटली. कंपास."

"आणि परत आल्यावर नीरजने किती वह्या दिल्या?"

"एक. गणि..." रुचिता थांबली.

"काढलीस एक. मिळाली एक," दत्ताराम म्हणाले. "काल गणिताचा क्लास होता का?"

"नाही. गणित सोमवारी आणि गुरुवारी असतं. मग ती वही बॅगेत कशी काय..."

तिचा आवाज अर्ध्यातच बंद पडला.

५

परतीच्या बसमध्ये दत्तारामांना स्वतःचाच राग आला होता. बेलिफाने पहिली गोष्ट बघायची ती ही, की कागद त्या पत्त्यावर पोचला का? अर्ध्याअधिक दाव्यांत सगळे भांडत असतात ते नोटीस कुणी दडवली यावर, आणि नोटीस मुळात पोस्टातून निघालेलीच नसते. इथेही सगळे विचारत बसले, ऑफिसातून वही कुणी नेली? वही ऑफिसात आलीच नव्हती. ती घरातच बदलली होती.

पूनम सागरच्या फाटकाशी ते थांबले.

"तू जरा नीरजकाकांकडे जाऊन बस. मी दहा मिनिटांनी हाक मारतो."

"काका, मला कळलंय."

"माहीत आहे. म्हणूनच दहा मिनिटं."

नेहा कोथिंबीर निवडत बसली होती. दत्ताराम समोरच्या खुर्चीवर बसले.

"सापडली का हो?" तिने मान वर न करता विचारलं.

"सापडली नाही. कुठे आहे ते कळलं. मी बेलिफ होतो नेहा, पोलीस नाही. कागद कुणाच्या हातात आहे तेवढंच मी बघतो. का आहे, ते ज्याने त्याने सांगायचं असतं."

नेहाने कोथिंबीर बाजूला ठेवली. ती उठली, माळ्यावरून मिक्सरचं रिकामं खोकं काढलं आणि त्यातून तपकिरी कव्हरची वही आणून टेबलावर ठेवली. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"मी दोन तासांत परत ठेवणार होते. शपथ. ती जेवायला बसली तेव्हा बॅगेतून काढली. बॅग हलकी लागू नये म्हणून गणिताची घातली. मला वाटलं ती फाइलवरच बसेल, वही उघडणार नाही. आणि खाली जाऊन बघते तो आरडाओरडा. मग कसं सांगणार? पोरीची वही आईनेच चोरली म्हणून? आज सकाळी शालूचं नाव घेतलं तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं."

"का घेतलीत?"

"गुरुवारी माहेरी, वाडा गावी, रजिस्ट्रारकडे जायचंय. वडील जाऊन दोन वर्षं झाली. घर, तीन एकर भातशेती. दादाने कागद तयार केलेत. म्हणाला, येऊन सही कर, साडी घेऊन ठेवलीय." तिने डोळे पुसले. "मी हो म्हटलं. नेहमी हो म्हणते तसं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, तुझं तू बघ. आणि ही पोर घरोघर विचारत फिरतेय, सही केलीत का, मग काय वाटलं. मला फक्त बघायचं होतं, सही केल्यावर बायकांना नंतर काय वाटतं. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. कुणाला विचारू? माझी आई असती तर विचारलं असतं."

दत्ताराम वहीकडे बघत होते. तिसरा नंबर. हात लांब केला की झालं.

"वाचलीत?" त्यांनी विचारलं.

"सगळी. दोनदा."

"मग?"

नेहाने हळूच विचारलं, "सही नाही केली तर काय होतं, काका?"

"काहीही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सही होत नाही, एवढंच होतं. तुमचा हिस्सा तुमचा राहतो. हक्कसोड हा स्वखुशीचा कागद. दादा कोर्टात वाटणी मागू शकतो, तुम्हीही मागू शकता. पण तुमच्या हाताला धरून सही करून घ्यायचा कायदा या देशात नाही."

"दादा बोलणं टाकेल."

"टाकेलही," दत्ताराम म्हणाले. "त्याच्यावर मात्र कायदा नाही."

दारात सावली हलली. रुचिता दहा मिनिटं थांबली नव्हती. ती आत आली आणि टेबलावरची वही बघत उभी राहिली.

"तू मागितली असतीस तर..." तिने सुरुवात केली.

"मागितली होती. नाही म्हणालीस. बरोबरच केलंस. शब्द दिला होतास." नेहाने पदराने नाक पुसलं. "पण रुचू, तू सगळ्यांना विचारलंस. खालच्या, वरच्या, थेट उत्तनला गेलीस. मला नाही विचारलंस."

रुचिताचं तोंड उतरलं. काहीतरी चांगलं कारण शोधून सांगावं असं तिला वाटलं असावं, पण ती खोटं बोलली नाही.

"मला वाटलं तू करणारच सही. तू मामाला कधी नाही म्हणतच नाहीस. मग विचारायचं काय?"

हे लागलं. दत्तारामांना दिसलं की लागलं. नेहाने कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या. मग उठली, ओट्यावरून फोन घेतला आणि उभ्यानेच नंबर लावला.

"हां, दादा. हो, बघितले तुझे फोन. ऐक ना. गुरुवारी मी येते. पण रजिस्ट्रारकडे नको, घरी. सही करणार नाहीये मी... नाही, कुणी शिकवलं नाही मला... नाही रे, वकीलबिकील कोण नाही. आपण दोघं बसून बोलू. जमिनीचं बोलू, आईच्या दागिन्यांचं बोलू, सगळं बोलू... बरं. चिडलायस तर चीड. मी येणार आहे तरीही." तिने फोन ठेवला.

"कट केला त्याने," ती म्हणाली.

"करेल परत," दत्ताराम म्हणाले. तो करेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नेहाने तोंडावर पाणी मारलं आणि चपला घातल्या. "आधी खाली जाऊन येते. नीरजभावजींना सांगते. शालूची माफी मी मागणार, आणि त्यांनाही मागायला लावणार."

जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला. या बाईच्या चालण्याचा आवाज दत्ताराम पहिल्यांदाच ऐकत होते.

खोलीत ते दोघंच उरले. मधे वही.

रुचिताने ती उचलली. उघडली नाही. "पाचवी जागा रिकामीच आहे," ती म्हणाली. "आईला विचारते. तिला चालेल तर."

"विचार."

"काका, तुम्ही शोधून दिलीत." ती अडखळली. "तुम्हाला वाचायचं असेल ना? काकूंचं? पण त्या म्हणाल्या होत्या, ह्यांना मात्र दाखवू नकोस. तेव्हा मी हो म्हटलं होतं. आता त्या नाहीत, तर तो शब्द... मला कळत नाही काय करायचं. कायद्यात काय आहे याचं?"

कायद्यात याचं काही नव्हतं. दत्ताराम म्हणू शकले असते की नवराच वारस असतो, दे. पोरीने दिलीही असती. बसमध्ये त्यांनी ठरवलंच होतं.

अनसूयेने अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांच्या बोटाखाली सही केली होती. त्यानंतर तिने स्वतःसाठी असं काही मागितलं असेल, तर ते हे एवढंच होतं. ह्यांना दाखवू नकोस.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "कपाटाला कुलूप लाव."

"नक्की?"

"नक्की. मजकूर नको मला." ते दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला आणि तिथेच उभे राहिले. "एक सांगशील? वहीतलं नाही. वहीबाहेरचं. सांगताना ती रडली का?"

रुचिताने आठवून पाहिलं. घाईने उत्तर देणारी पोर नव्हती ती.

"नाही काका. हसल्या. दोनदा. आणि मधेच उठल्या, म्हणाल्या थांब, ह्यांची यायची वेळ झाली, आमटी टाकते. मग ओट्याशी उभ्या राहूनच पुढचं सांगितलं."

दत्तारामांनी मान हलवली. कशाला हसली, हे विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही. कठड्याला धरून ते एक एक पायरी उतरायला लागले.